चाळीस माणसं, पंधरा मिनिटं: अजिंठ्याचं पुढे काय

अजिंठ्याच्या चित्रलेण्यांसाठी एक साधा नियम आहे. एका वेळी आत चाळीस माणसं, आणि तीही पंधराच मिनिटं. नियम किती पाळला जातो ते पुढे बघू, आधी त्याचा हिशेब मांडू.

लेणी सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच उघडी असतात, म्हणजे साडेआठ तास. तासाला चार तुकड्या, तुकडीत चाळीस, म्हणजे तासाला १६० आणि दिवसाला १,३६० माणसं. पण एक तुकडी बाहेर पडून पायात चपला घालणार, दुसरी चपला काढून आत शिरणार. त्यासाठी पाचच मिनिटं धरली तरी फेरी वीस मिनिटांची होते आणि दिवसाचा आकडा १,०२० वर येतो. नाताळच्या सुट्टीत किंवा शाळांच्या सहलींच्या दिवसांत पहिल्या लेण्यासमोरची रांग ज्याने पाहिली असेल त्याला कळेल, की एवढ्यात भागत नाही. मग पंधरा मिनिटांची पाच होतात, नाहीतर चाळीसांचे साठ होतात. पहिल्यात पाहणाऱ्याचं नुकसान, दुसऱ्यात भिंतीचं.

अजिंठ्याला येणाऱ्यांचं आणि तिथे पोट भरणाऱ्यांचं पुढचं आयुष्य या हजाराच्या आकड्याभोवती फिरणार आहे. प्रवेशावर मर्यादा आज ना उद्या काटेकोर होणारच. ती विचार करून, तिथल्या माणसांना हाताशी धरून आणली जाते, की एखादा चित्राचा तुकडा खाली पडल्यावर घाईघाईत आणली जाते, एवढंच आपल्या हातात आहे.

चाळीस हा आकडा का, ते समजून घ्यायला भिंतीपासून सुरुवात करावी लागते. अजिंठ्याची चित्रं युरोपातल्या फ्रेस्कोसारखी ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडबडीत बेसाल्टवर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस, गवत, वनस्पतींचे तंतू आणि दगडाची बारीक कच. त्यावर आणखी मऊ थर, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि बाहेरून आणलेला लाजवर्दी निळा. हा गिलावा हवेतला ओलावा शोषतो आणि सोडतो. ओला झाला की फुगतो, सुकला की आकसतो. रंगाचा वरचा थर तितका लवचीक नसतो, म्हणून तो कडेने उचलला जातो आणि पापुद्रा सुटतो. ओलावा टिकला तर आतले तंतू कुजतात, किडे लागतात आणि गिलावा आतून पोकळ होतो. बाहेरून चित्र शाबूत दिसतं, मागे मात्र आधार उरलेला नसतो.

आता त्यात माणसं घालू. लेणं क्रमांक १ चा मंडप साधारण साडेएकोणीस मीटर लांब आणि तेवढाच रुंद आहे. उंची ढोबळ मानाने सहा मीटर धरली तर आतली हवा सुमारे २,३०० घनमीटर होते. पायऱ्या चढून घामाघूम आलेला माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतो. चाळीस माणसं सतत आत असतील तर तासाला चार लिटर. हवा अजिबात बदलली नाही असं धरलं तर प्रत्येक घनमीटरमागे पावणेदोन ग्रॅम पाणी वाढतं. २५ अंशांना हवा जास्तीत जास्त तेवीस ग्रॅम पाणी धरते, म्हणजे एका तासात सापेक्ष आर्द्रता सात-आठ टक्क्यांनी वर. शिवाय चाळीस शरीरांची उष्णता चार किलोवॅटच्या घरात जाते, म्हणजे न्हाणीघरातले दोन गिझर मंडपात चालू ठेवल्यासारखं. कार्बन डायऑक्साइड तासाभरात बाहेरच्या हवेच्या दुप्पट होतो. प्रत्यक्षात दारं-खिडक्यांतून हवा थोडी खेळते, त्यामुळे आकडे कमी येतील. पण हवेला वाट फक्त दर्शनी बाजूने आहे. मागच्या गाभाऱ्यापर्यंत ती सावकाश पोहोचते, आणि पद्मपाणी-वज्रपाणी ही बोधिसत्त्वांची प्रसिद्ध चित्रं तर गाभाऱ्याच्या अंतराळाच्या, म्हणजे त्यापुढच्या छोट्या दालनाच्या, दोन बाजूंना आहेत.

उन्हाळ्यात बाहेर हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा हे सात-आठ टक्के म्हणजे भिंतीला दिवसातून कित्येकदा दिलेला हेलकावा. पावसाळ्यात आर्द्रता आधीच ऐंशीच्या वर असते. त्यात ओल्या कपड्यांची तुकडी शिरली, की थंड दगडावर दव धरायची वेळ येते. म्हणून साठ माणसं पाच मिनिटं आणि चाळीस माणसं पंधरा मिनिटं यांत फरक काय, हा युक्तिवाद टिकत नाही. भिंतीला दिवसभराची बेरीज सोसावी लागते आणि त्यातले चढउतारही.

भिंतीवर आपण याआधीही कमी प्रयोग केलेले नाहीत. निजामाच्या राजवटीत १९२० ते १९२२ दरम्यान इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रं पक्की करून घेतली. त्यांनी सुटे पापुद्रे बसवले, त्यामुळे बरंच काही वाचलं हे मान्य करायला हवं. पण वर दिलेला लाखेचा हात पुढे पिवळा पडला, धूळ-काजळी धरून बसला आणि चित्रं काळवंडली. तो थर द्रावकांनी हलक्या हाताने उतरवण्याचं काम पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ कित्येक दशकं करत आले आहेत. पूर्वी गाइड आणि पहारेकरी दाराशी पत्रा किंवा आरसा धरून ऊन आत फेकायचे, पुढे विजेचे दिवे आले, आता थंड प्रकाशाचे मंद दिवे आहेत. अशा नाजूक रंगांसाठी संग्रहालयात ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाचं माप) आतला प्रकाश योग्य मानतात. डोळ्यांना तो सरावायला आठ-दहा मिनिटं लागतात. पाच मिनिटांत हाकलला गेलेला माणूस ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत बाहेर येतो तो त्यामुळेच, आणि मोबाइलचा टॉर्च लावायचा मोहही त्यामुळेच होतो.

जगात या प्रश्नाची तीन उत्तरं दिली गेली. फ्रान्सच्या लास्कोची गुहा १९४८ मध्ये लोकांना खुली झाली आणि श्वासांनी भिंतींवर शेवाळ धरल्यावर १९६३ मध्ये बंद झाली. १९८३ मध्ये शेजारी प्रतिकृती उभी राहिली आणि लोक ती पाहायला जाऊ लागले. स्पेनच्या अल्तामिराने गुहा पूर्ण बंद केली आणि २०१४ पासून आठवड्याला पाच माणसं सोडायला सुरुवात केली. चीनच्या तुन्हुआंगने दिवसाला ६,००० ही मर्यादा घातली, आगाऊ नोंदणी सक्तीची केली आणि लेण्यांत जाण्याआधी प्रत्येकाला प्रेक्षागृहात चित्रपट दाखवायला सुरुवात केली. अजिंठ्याला मला तुन्हुआंगचा मार्ग जवळचा वाटतो. इथे माणसं फक्त कला बघायला येत नाहीत. श्रीलंका, थायलंड, जपानहून उपासक येतात, आणि महाराष्ट्रातली कितीतरी बौद्ध कुटुंबं एसटीने, टेम्पोने, लेकराबाळांसकट वंदनेला येतात. त्यांना ‘प्रतिकृती बघा’ म्हणणं बरोबर नाही. तिकीट महाग करून गर्दी कमी करणं तर त्याहून वाईट. ताजमहालात मुख्य मकबऱ्यासाठी डिसेंबर २०१८ पासून वेगळे २०० रुपये घेतात. इथे तसं केलं तर सर्वांत आधी गळतील ती नेमकी हीच कुटुंबं.

प्रतिकृतीचा प्रयत्न आपल्याकडेही झाला. जपानी कर्जाच्या प्रकल्पातून फर्दापूरच्या बाजूला अभ्यागत केंद्र उभं राहिलं, २०१३ मध्ये सुरू झालं. १, २, १६ आणि १७ या चार लेण्यांच्या प्रतिकृती त्यात होत्या. कल्पना उत्तम होती, पण काही वर्षांतच वीज-पाण्याच्या थकीत बिलांपायी ते बंद पडलं. बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही, हे आपल्याकडचं जुनं दुखणं. पण आणखी एक चूक आखणीतच होती. केंद्र पाहणं ऐच्छिक होतं आणि लेण्यांच्या रांगेशी त्याचा काही संबंध जोडला नव्हता. शंभर किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरहून आलेला माणूस संध्याकाळपर्यंत परतायच्या घाईत असतो. तो आधी खरी लेणी गाठणार, मग उरलेल्या वेळात प्रतिकृती, म्हणजे कधीच नाही. केंद्रातूनच वेळेचं टोकन मिळालं असतं, तर थांबण्याचा वेळ तिथे सत्कारणी लागला असता.

टोकनाची जागा तयार आहे. खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबतात आणि तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं. पाण्याला धरण असावं तशी ही जागा आहे, माणूस इथे आधीच अडलेला असतो. तिथेच बसच्या तिकिटाबरोबर चित्रलेण्यांची वेळ छापून द्यावी. यात बिघडतं कुठे, तेही आधी ओळखून ठेवलं पाहिजे. सहलीच्या एका एसटीत चाळीस-पंचेचाळीस मुलं आणि शिक्षक असतात, म्हणजे एक बस आली की एक तुकडी भरली आणि वर चार-पाच उरले. अशा तीन बसा एकदम उतरल्या की वेळापत्रक तासभर मागे पडतं. त्यासाठी सहलींची नोंदणी आधी घेऊन त्यांना सकाळी पहिल्या तासात किंवा दुपारी तीननंतर बोलवायचं, आणि अर्धी मुलं उलट टोकाकडून, २६ व्या लेण्यापासून, सोडायची. दुसरं, दरीत मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबता येत नाही. फक्त क्यूआर कोडवर भिस्त ठेवली तर पहिल्याच गर्दीच्या दिवशी सगळं कोलमडेल. कागदी टोकन हवंच, रंग तासागणिक वेगळा, म्हणजे पहारेकऱ्याला लांबूनही कळेल. तिसरं, वेळ चुकलेल्याला परत पाठवायचं की सामावून घ्यायचं हे दारावरच्या माणसाच्या मर्जीवर सोडलं, की तिथे भांडणं होणार. दर तासाची पाच टोकनं अशांसाठी राखून ठेवली की बराच ताण निवळतो.

वाट बघणाऱ्यांना बघायला काय आहे? भरपूर. क्रमांक ४ हा अजिंठ्यातला सर्वांत मोठा विहार आहे, अपुरा राहिलेला, रंगकाम जवळजवळ नाहीच, त्यामुळे तिथे माणसं थांबली तर भिंतीचं काही बिघडत नाही. १९ व्या चैत्याचा दर्शनी भाग तर उघड्या आकाशाखाली आहे. २४ वं अपुरं लेणं बघताना डोंगर कसा वरून खाली कोरत आणला ते कळतं. आज सगळी गर्दी १ आणि २ मध्ये दाटते आणि २६ मधल्या महापरिनिर्वाणापर्यंत येता येता लोक थकलेले असतात, कारण क्रमांक दारापासून सुरू होतात आणि कुणी वेगळा क्रम सुचवतच नाही.

इथे गाइडचं काम बदलतं. आतल्या पंधरा मिनिटांत गोष्ट सांगत बसलं तर बघायला वेळ उरत नाही, आणि एका मंडपात चार गाइड चार भाषांत बोलू लागले की कुणालाच काही ऐकू येत नाही. गोष्ट बाहेर, व्हरांड्याखालच्या सावलीत सांगून घ्यावी. हातात मोठे छापील फोटो घ्यावेत आणि बाहेरच सांगावं: क्रमांक १ मध्ये महाजनक जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट, डाव्या भिंतीवर शोधा, क्रमांक १७ मध्ये विश्वंतर, सहा दातांचा हत्ती छद्दंत आणि सिंहलाची स्वारी शोधा, १६ मध्ये नवरा नंद भिक्षू झाल्याचं कळून कोसळलेली सुंदरी बघा. मग आत शिरलेला माणूस शोधतो, सापडल्यावर थांबतो आणि कुजबुजतो. ध्वनिफितींचे आणि मोबाइलवरचे गाइड येतच राहणार. ते माहिती देतील, पण समोरच्या आजीबाईंना जातककथा माहीत आहे की नाही, मुलगा कंटाळला आहे का, हे त्यांना कळत नाही. जो गाइड नुसती पाठ केलेली माहिती म्हणून दाखवतो त्याचं काम जाईल. जो बाहेर दहा मिनिटांत डोळे तयार करून देतो, त्याची मागणी वाढेल असं मला वाटतं.

सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित माणूस म्हणजे लेण्यात उभा असलेला पहारेकरी. तो पुरातत्त्व खात्याचा कायम कर्मचारी असेल, कंत्राटी असेल किंवा खासगी सुरक्षा कंपनीचा. दिवसभर अंधाऱ्या, दमट जागेत उभं राहून ‘फ्लॅश नको’, ‘हात लावू नका’ हे तो शेकडो वेळा म्हणतो. चित्र रोज पाहणारा तो एकटा. संवर्धनाचा तज्ज्ञ महिन्या-दोन महिन्यांनी येतो, पण कालपर्यंत नसलेला पापुद्रा आज सुटला हे फक्त याला दिसू शकतं. त्याला शिकवायला हव्यात त्या गोष्टी फार अवघड नाहीत. सकाळी दार उघडताना, दुपारी एकला आणि बंद करताना आर्द्रतामापकाचा आकडा वहीत लिहायचा. आत किती माणसं आहेत हे हातातल्या मोजणी यंत्रावर ठेवायचं. ठरलेल्या पातळीच्या वर आकडा गेला की पुढची तुकडी दहा मिनिटं रोखायची, आणि तसा अधिकार त्याला लेखी द्यायचा, नाहीतर ओळखीचे पाहुणे घेऊन आलेल्या साहेबासमोर त्याचं काही चालत नाही.

झाडू ही या सगळ्यातली सर्वांत धोकादायक वस्तू. कोरड्या झाडूने मंडप झाडला की धूळ उडून चित्रांवर बसते. ओलं फडकं मारलं की ओलावा वाढतो. बारीक गाळणीचा व्हॅक्यूम क्लीनर हाच मार्ग, तोही भिंतीपासून हातभर अंतर सोडून. त्या हातभर पट्ट्यात आधी वाकून बघायचं, रंगाचा कण किंवा गिलाव्याचा चुरा पडला आहे का. पडला असेल तर तो केरात जाता कामा नये. डबीत ठेवायचा, डबीवर लेण्याचा क्रमांक, भिंत, जागा आणि तारीख लिहायची आणि वर बघून फोटो काढायचा. भिंतीवर टकटक करून पोकळी तपासायचा मोह मात्र टाळायचा, ते तज्ज्ञांच्या बोटांचं काम. वटवाघळं अडवायला दारांना जाळ्या असतात. त्या धुळीने बुजल्या की हवा कोंडते, म्हणून दर आठवड्याला त्या बाहेरच्या बाजूने ब्रशने साफ करायच्या. एवढं काम करणाऱ्याला ‘वॉचमन’ म्हणून किमान वेतनावर अकरा महिन्यांच्या कंत्राटात ठेवणं हा लेण्यांवरचाच अन्याय आहे. दर वर्षी माणूस बदलला तर भिंतीची आठवण कोण ठेवणार?

डोलीवाल्यांबद्दल बोलताना बऱ्याच जणांना संकोच होतो, माणसाने माणसाला वाहून न्यावं का, म्हणून. मला वाटतं तो प्रश्न त्यांनाच विचारावा. चार जण, मध्ये खुर्ची, खांद्यावर बांबू, आणि वाट पायऱ्यांची. म्हाताऱ्या माणसांना आणि गुडघे गेलेल्यांना दुसरा मार्ग नाही, कारण चाकाची खुर्ची पायऱ्यांवर चालत नाही. बदलायला हवं ते काम करण्याची रीत. खांद्याला गादी असलेले पट्टे, खुर्चीला कमरपट्टा, ठरलेले आणि फलकावर लावलेले दर, फेऱ्यांची पाळी, विमा. आणि आणखी एक: हीच माणसं तिथली रुग्णवाहिका आहेत. चढणीवर कुणाला छातीत दुखलं किंवा कड्यावरच्या आग्या मोहोळाच्या माश्या उठल्या, तर माणसाला उचलून खाली आणणारे हेच. त्यांना प्रथमोपचार आणि छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण दिलं, दोन ठिकाणी पेटी ठेवली, तर त्यांच्या कामाला फेरीच्या पैशांखेरीज महिन्याचं मानधनही जोडता येतं.

टी-पॉइंटच्या दुकानदारांचं गणित मात्र अवघड आहे. पोस्टकार्डं आणि माहितीपुस्तिका मोबाइलने संपवल्या. स्फटिक विकणारे तग धरून आहेत. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारे स्टिलबाइट, अपोफिलाइट अशा स्फटिकांचे खडे परदेशी पाहुणे आवडीने घेतात. त्यांतही काचेचे आणि रंगवलेले खडे मिसळले की सगळ्या बाजारावरचा विश्वास उडतो. माणसं मोजून आत सोडायची ठरली की सर्वांत आधी विरोध इथून येईल, आणि तो समजण्यासारखा आहे. मार्च २०२० मध्ये लेणी बंद झाली तेव्हा या लोकांनी कित्येक महिने एक पैसा पाहिला नाही. त्याआधी संभाजीनगर-जळगाव रस्ता उखडलेला होता, तेव्हाही पर्यटक कमी झाले होते. ज्याचं पोट डोकी मोजण्यावर आहे त्याला डोकी कमी करा म्हणायचं असेल, तर पोटाची सोय आधी सांगावी लागते.

एक सोय हिशेबाने दाखवता येते. लेण्यांचं ४० रुपयांचं तिकीट केंद्र सरकारकडे जातं, त्याला हात लावायला नको. ताजमहालच्या तिकिटात आग्रा विकास प्राधिकरणाचा वेगळा पथकर असतो, तसा टी-पॉइंटला माणशी वीस रुपये स्थानिक निधी घेतला, पंधरा वर्षांखालच्यांना सूट दिली आणि दिवसाला सरासरी हजार जणांनी तो भरला, तर दिवसाचे २० हजार होतात. सोमवार आणि इतर बंदचे दिवस वगळून वर्षाचे ३०० दिवस धरले तर ६० लाख. त्यात महिना २० हजारांवर पंचवीस माणसं बारा महिने कामावर राहतात. पंचवीस म्हणजे सगळे नव्हेत, पण चित्रलेण्यांचे प्रशिक्षित पहारेकरी, प्रथमोपचाराची तुकडी आणि टोकनाची खिडकी एवढं त्यात बसतं. त्या जागांवर फर्दापूर, लेणापूर, अजिंठा गावातल्यांचा पहिला हक्क असावा.

तोवर जाणाऱ्यांनी एवढं सांभाळावं. सोमवारी अजिंठा बंद असतो, मंगळवारी वेरूळ, त्यामुळे दोन्ही जोडून करायचं तर बुधवार-गुरुवार सोयीचे. नऊच्या आधी टी-पॉइंट गाठा, पहिल्या बसने चढा आणि रांगेत न शिरता थेट १६-१७ कडे जा. मग २६ पर्यंत जाऊन परतताना दुपारी जेवणाच्या वेळी १ आणि २ बघा, तेव्हा तिथे थोडं मोकळं असतं. पावसाळ्यात वाघोरा नदी आणि वरचा धबधबा देखणे असतात, पण कोरडे मोजे आणि एक टॉवेल पिशवीत ठेवा. छत्र्या-रेनकोट व्हरांड्याबाहेर झटका, ओलं आत नेऊ नका. अत्तर लावून जाऊ नका, आग्या मोहोळाखाली विडी-सिगारेट पेटवू नका. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून जाळीचं दार असलेलं जवळचं लेणं गाठा आणि दार लावून घ्या. आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं मध्यभागी नुसते उभे राहा, मोबाइल खिशात ठेवून. डोळे सरावले की छतापासून बघायला सुरुवात करा. आणि पहारेकऱ्याने ‘वेळ झाली’ म्हटलं की निघा.